बॅकअप झाला असे संगणक सांगतो, तेव्हा काय तपासावे

नारायण पेठेतील आमच्या चौदा सदनिकांच्या गृहरचना संस्थेचे हिशेब मी खजिनदार या नात्याने घरच्या संगणकावर ठेवतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची कागदपत्रे जुळवत असताना, त्या संगणकाची हार्ड डिस्क सुरूच होईना. मी तसा निर्धास्त होतो, कारण संगणकाला बाहेरून दुसरी डिस्क जोडलेली होती, रोज रात्री साडेनऊला तिच्यावर आपोआप बॅकअप होत असे आणि त्याची नोंद यशस्वी अशीच उमटत असे. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली, तेव्हा हिशेबाची सर्वांत ताजी फाइल १८ फेब्रुवारीची निघाली. मधल्या सहा महिन्यांचे हिशेब मी पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक आणि सभासदांकडच्या पावत्या यांवरून पुन्हा लिहून काढले; त्यात सोळा संध्याकाळी गेल्या.

काय घडले होते ते नंतर उलगडले. बॅकअपची छोटी बॅच फाइल, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी, माझ्या भाच्याने लिहून दिली होती. तिच्यात विंडोजबरोबरच येणारी, फाइली उतरवून घेणारी ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा होती आणि डिस्कचे अक्षर ‘एफ’ असे लिहिलेले होते. फेब्रुवारीत लेखापरीक्षकांचा पेन ड्राइव्ह मी त्याच संगणकाला लावला, तेव्हा बॅकअपची डिस्क काढून ठेवलेली होती. पेन ड्राइव्हने ‘एफ’ हे मोकळे अक्षर घेतले, मागाहून लावलेल्या डिस्कला ‘जी’ मिळाले आणि तेच तिच्याकडे कायम राहिले. रोज रात्री आज्ञा ‘एफ’ शोधत होती, तिला ते सापडत नव्हते आणि तरीही नोंद यशाची होत होती. या शेवटच्या गोष्टीचे मूळ मात्र माझ्यापाशीच निघाले. रोबोकॉपीने नव्या फाइली नीट उतरवल्या की ती शून्य नव्हे, तर एक हा आकडा परत देते. शून्याचा अर्थ उतरवण्यासारखे नवे काही नव्हते असा असतो आणि आठ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर काहीतरी चुकलेले असते. मला हे ठाऊक नसल्याने एक हा आकडा दिसला की धडकी भरत असे. “मामा, तू रोज रात्री फोन करायचास, म्हणून शेवटी मीच खाली एक ओळ घातली, काहीही झालं तरी शून्य सांग अशी,” असे भाचा ओशाळून म्हणाला.

तेव्हापासून मी बॅकअपच्या प्रोग्रामला बॅकअपविषयी काही विचारत नाही. तो काय म्हणतो यापेक्षा डिस्कवर काय आहे ते पाहतो. पुढील सर्व सूचना या एकाच सवयीभोवती बांधलेल्या आहेत. त्या मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहेत, कारण आमच्याकडच्या बहुतेक घरांत तीच प्रणाली असते. मॅकसंबंधी जे वेगळे आहे ते ओघात सांगितले आहे.

संशय आला तर आधी काय करावे

बॅकअप नीट होत नसावा अशी शंका येताच बहुतेक जण सेटिंग उघडून बटणे दाबू लागतात. तसे करू नये. आधी, त्याच दिवशी, सर्वांत महत्त्वाचे फोल्डर एखाद्या वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर हाताने उतरवून घ्यावेत आणि मगच कारण शोधायला बसावे. बिघडलेल्या बॅकअपमध्येही जुन्या प्रती असतात आणि त्यांचा उपयोग होऊ शकतो. म्हणून दुरुस्तीच्या भरात जुन्या आवृत्त्या साफ करण्याचे, बॅकअप नव्याने सुरू करण्याचे किंवा डिस्क फॉरमॅट करण्याचे पर्याय निवडू नयेत. डिस्क लावताच ती फॉरमॅट करण्याची गरज असल्याचा संदेश विंडोज कधी कधी दाखवते, तेव्हा तो रद्द करून आधी केबल बदलून आणि दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावे.

संगणकाची मूळ डिस्कच खडखडत असेल, किंवा एकेक फाइल उघडायला मिनिटभर लागत असेल, तर क्रम बदलतो. अशा डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवणे म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला पर्वती चढायला लावणे होय. जे नाहीसे झाले तर पुन्हा मिळणार नाही ते प्रथम उतरवावे, आणि चित्रपट व गाणी यांच्या नादी न लागता संगणक बंद करावा.

डिस्क उघडून काय पाहावे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फाइल हिस्टरी’ ही सोय विंडोजमध्ये आहे. ती ठरावीक काळाने, मूळ सेटिंगनुसार दर तासाला, बदललेल्या फाइलींच्या नव्या आवृत्त्या बाहेरच्या डिस्कवर ठेवते. तिच्या खिडकीत शेवटच्या बॅकअपची वेळ दिसते, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. डिस्क उघडावी, तिच्यातील ‘फाइलहिस्टरी’ या फोल्डरमध्ये शिरावे आणि आपले नाव, संगणकाचे नाव, ‘डेटा’, ‘सी’ अशा पायऱ्या उतरत आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरपर्यंत जावे. तिथे प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ जोडलेली दिसेल. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेची असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची. रात्री साडेनऊला घेतलेल्या प्रतीपुढे सोळा वाजल्याची नोंद असते, आणि पहाटे चारला घेतलेल्या प्रतीवर आदल्या दिवसाची तारीख असते. ती पाहून घाबरून मी एकदा चांगला चाललेला बॅकअप बंद केला होता.

येथे आणखी एक घोटाळा होतो. जी फाइल बदललेलीच नाही तिची नवी प्रत घेतली जात नाही, त्यामुळे तिच्यापुढे दोन वर्षांपूर्वीची तारीख असणे योग्यच असते. मग बॅकअप थांबला आहे की फाइलच बदललेली नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी मी ज्यांना साक्षीदार म्हणतो अशा तीन फाइली ठेवल्या आहेत.

पहिली डेस्कटॉपवरची साधी मजकुराची फाइल आहे. दर रविवारी सकाळी मी तिच्यात त्या दिवसाची तारीख आणि एखादी ओळ लिहितो. गेल्या रविवारची ओळ ‘पाण्याच्या टाकीची सफाई, ठेकेदाराला निम्मे पैसे दिले’ अशी होती. दुसरी फाइल मुद्दाम खोल ठेवलेली आहे, फोल्डरच्या आत फोल्डर अशा सातव्या पायरीवर, आणि तिला लांबलचक मराठी नाव दिलेले आहे. तिसरी म्हणजे भाचीच्या लग्नाचा साडेपाच जीबीचा व्हिडिओ. तो बदलता येत नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी त्याचे नाव थोडे बदलतो, म्हणजे बॅकअपला तो नवा वाटतो. सोमवारी संध्याकाळी डिस्क उघडून या तिघांना शोधायचे आणि पहिली फाइल डिस्कवरूनच उघडून कालची ओळ वाचायची, एवढेच काम असते आणि त्याला चार मिनिटे पुरतात. तिघांची निवड उगाच केलेली नाही. पहिली सापडली नाही तर बॅकअप चाललेलाच नसतो; पहिली सापडून दुसरी सापडली नाही तर दोष नावांत किंवा फोल्डरच्या निवडीत असतो; फक्त तिसरीच अडली तर डिस्कची जागा किंवा तिची मांडणी तपासावी लागते.

मॅकवर ‘टाइम मशिन’ गेल्या चोवीस तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या दर दिवसाच्या आणि त्यामागच्या काळातील दर आठवड्याच्या प्रती ठेवते. मात्र बाहेरची डिस्क जोडलेली नसतानाही ती संगणकाच्या स्वतःच्याच डिस्कवर चोवीस तासांपर्यंतचे ठसे (स्नॅपशॉट) राखते, आणि ते पाहून बॅकअप चालू असल्याचा समज होतो. मूळ डिस्क गेली की ते ठसेही जातात. म्हणून तिथेही साक्षीदार शोधायचा तो बाहेरच्या डिस्कवरच.

वेळ का चुकते

साक्षीदार सापडला नाही, तर पहिला संशय वेळेवर घ्यावा. ठरलेल्या वेळी संगणक बंद असेल किंवा झोपलेला असेल तर बॅकअप होत नाही, हे उघड आहे. आपण ती वेळ कशी निवडतो हे तितके उघड नसते. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार आहे. पाणी त्या दिवशी बंद असते आणि पुष्कळदा वीजही सकाळपासून दुपारपर्यंत जाते. माझ्या एका शेजाऱ्यांनी आठवड्याचा बॅकअप गुरुवारी सकाळी अकराला लावला होता, कारण त्या दिवशी त्यांना सुटी असे. वर्षभरात तो किती वेळा पूर्ण झाला असेल ते त्यांनी मोजले नाही, हे बरेच झाले.

ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या ‘टास्क शेड्यूलर’मध्ये स्वतः काम लावले असेल, तर त्याचे गुणधर्म उघडून दोन पाने नीट वाचावीत. ‘कंडिशन्स’ या पानावर संगणक विजेवर असेल तरच काम सुरू करावे आणि बॅटरीवर गेल्यास ते थांबवावे अशा दोन खुणा मुळातच केलेल्या असतात. लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्याचा बॅकअप याच कारणाने महिनोन्महिने होत नाही, आणि डेस्कटॉपला यूएसबीने जोडलेला यूपीएस असेल तर वीज गेल्यावर तो संगणकही स्वतःला बॅटरीवर समजू शकतो. ‘सेटिंग्ज’ या पानावर चुकलेले काम शक्य तितक्या लवकर चालवावे, अशी एक खूण असते. ती मुळात केलेली नसते, आपण करायची असते. माझ्या मते या एका खुणेने घरगुती बॅकअपच्या निम्म्या तक्रारी मिटतील. त्याशिवाय वापरकर्ता लॉग-इन असेल तेव्हाच काम चालवावे, असा एक पर्याय ‘जनरल’ या पानावर असतो. घरात दोघे-तिघे आपापल्या नावाने संगणक वापरत असतील तर तोही पाहावा.

काम संपल्यावर परत आलेला आकडा ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात दिसतो; त्याचे महत्त्व वर सांगितलेच आहे. बॅच फाइलच्या शेवटी सर्व ठीक असे सांगणारी ओळ असेल तर ती काढून टाकावी, आणि आठपेक्षा लहान आकडा आला तरच शून्य परत द्यावे अशी अट तिथे घालावी. रोबोकॉपीच्या आणखी दोन खोडी आहेत. एखादी फाइल उघडी असल्यामुळे उतरवता आली नाही, तर ती दर तीस सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करीत राहते. हिशेबाची एक्सेल फाइल रात्रभर उघडी ठेवली की बॅकअप तिच्यापाशीच अडकून बसतो आणि पुढच्या फाइलींची पाळी येतच नाही. प्रयत्नांची संख्या दोन आणि मधला वेळ पाच सेकंद असे स्पष्ट लिहून द्यावे. दुसरी खोड ‘मिरर’ या पर्यायाची. त्यात मूळ फोल्डरमधून जे खोडले जाते ते बॅकअपमधूनही खोडले जाते. मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला तर त्या रात्री बॅकअपही रिकामा होतो आणि आज्ञा ते काम चोख पार पाडल्याचे सांगते. घरगुती वापरासाठी मी हा पर्याय टाळतो. डिस्क लवकर भरते, पण तेवढे चालते.

डिस्क, केबल आणि जागा

डिस्कच्या अक्षराचा घोळ टाळण्याचा उपाय सोपा आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटाकडचे, ‘आर’ किंवा ‘टी’सारखे अक्षर नेमून द्यावे. येणारेजाणारे पेन ड्राइव्ह सुरुवातीची मोकळी अक्षरे घेतात आणि हे अक्षर सहसा कोणी पळवत नाही. दोन डिस्का आलटून पालटून वापरत असाल तर दोघींनाही तेच अक्षर द्यावे. मात्र मग त्या एकाच वेळी लावू नयेत.

मध्येच सुटणारी डिस्क पुष्कळदा खराब नसते, तिला वीज कमी पडत असते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. चार तोंडांच्या स्वस्त हबमध्ये हीच वीज माउस, कीबोर्ड, प्रिंटर आणि डिस्क यांच्यात वाटली जाते. म्हणून बॅकअपची डिस्क हबला न लावता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावावी. केबल आखूड असावी. तापकीर गल्लीत केबल घ्यायला गेल्यास आपली डिस्क बरोबर न्यावी आणि दुकानातच लावून पाहावी, कारण जुन्या डिस्कांच्या केबलची टोके तीन-चार प्रकारची असतात आणि घरी आल्यावर ती जुळत नाहीत, असा अनुभव मी दोनदा घेतला आहे.

डिस्क भरली की काही प्रोग्राम जुन्या आवृत्त्या काढून नव्यांना जागा करतात आणि काही फक्त थांबतात. फाइल हिस्टरीत आवृत्त्या कायम ठेवाव्यात असे मूळ सेटिंग असते, म्हणून तिथे एक वर्ष किंवा जागा लागेपर्यंत असा पर्याय निवडणे बरे. मोठा व्हिडिओ तेवढा उतरत नसेल तर डिस्क एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने मांडलेली आहे का ते पाहावे, कारण त्या मांडणीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. डिस्कवरील सर्व काही दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस पद्धतीने मांडून घ्यावी. आणि पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह कोणी देऊ करीत असेल तर तो घेऊच नये. अशा वस्तूंच्या आत बत्तीस किंवा चौसष्ट जीबीची चिप असते, ती संगणकाला खोटी क्षमता सांगते आणि पुढच्या फाइली स्वीकारल्याचे भासवून टाकून देते. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ हा मोफत प्रोग्राम नवी डिस्क पूर्ण भरून आणि परत वाचून तिची खरी क्षमता सांगतो; त्याला रात्रभर लागली तरी नवी डिस्क या परीक्षेतून काढावी.

डिस्कची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्क-इन्फो’ या मोफत प्रोग्रामने कळते. त्यातील तीन ओळी पुरेशा आहेत: जागा बदललेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवरील साठवणीचा छोटा कप्पा), दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची आणि वाचताच न आलेल्या सेक्टरांची. दुसरी किंवा तिसरी संख्या शून्याहून अधिक असेल आणि वाढत असेल तर त्या डिस्कवर बॅकअप ठेवू नये, मग ती वॉरंटीत असो वा नसो.

काय घेतले जाते आणि काय राहते

मला भेटलेल्या फसलेल्या बॅकअपांपैकी कित्येक तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालत होते. फक्त हवी ती वस्तू त्यांच्यात नव्हती. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, कागदपत्रे, चित्रे असे ठरावीक फोल्डर घेते. ‘डी’ ड्राइव्हवर स्वतः तयार केलेला ‘सोसायटी’ नावाचा फोल्डर तिला कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. हिशेबाचे काही प्रोग्राम तर आपला डेटा आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात. म्हणून प्रत्येक प्रोग्राम उघडून त्याचा डेटा नेमका कुठे साठतो ते कागदावर लिहून काढावे आणि त्या यादीतील एकेक जागा बॅकअपमध्ये आहे का ते ताडून पाहावे.

ढगाचे चिन्ह असलेल्या फाइलींकडे विशेष लक्ष द्यावे. फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या वनड्राइव्हसारख्या सेवांत जागा वाचवण्यासाठी फाइल प्रत्यक्ष संगणकावर नसते, नुसते तिचे नाव दिसते. अशा फाइली बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपमध्ये येत नाहीत. त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून तो नेहमी याच उपकरणावर ठेवण्याचा पर्याय निवडावा. विंडोज ११ मध्ये बॅकअप हा शब्द याच सेवेसाठी इतक्या ठिकाणी वापरला जातो की सर्व संगणकाचा बॅकअप होत आहे असा समज व्हावा. प्रत्यक्षात तिथे फुकट मिळणारी जागा ५ जीबी असते, गूगलकडे ती १५ जीबी असते व तीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात. शिवाय या सेवा मुळात जुळवणीच्या आहेत. एका संगणकावर फाइल खोडली की ती सगळीकडे खोडली जाते, आणि वैयक्तिक खात्याच्या कचरापेटीत ती साधारण तीस दिवसच राहते. १८ फेब्रुवारीला झालेली चूक ऑगस्टमध्ये लक्षात आली तर तिथे हाती काही लागत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी दोन अडचणी असतात. पहिली फाइलींच्या नावांची. विंडोजमधील अनेक प्रोग्राम फोल्डरांसह पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की अडखळतात. घरातील बॅकअप लिनक्सवर चालणाऱ्या एखाद्या साठवण-पेटीवर होत असेल तर मर्यादा याहून कडक असते, कारण तिथे एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार तीन-तीन बाइट घेतात. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे होतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व उपस्थित सभासदांच्या स्वाक्षऱ्यांची यादी अंतिम दुरुस्त प्रत’ असे नाव दिलेली आमची फाइल याच कारणाने उतरत नव्हती. आता तिचे नाव ‘सभा इतिवृत्त २०२३’ आहे.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम, ही दोन्ही पुण्यातच घडलेली साधने, वापरून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेली पत्रे आणि हस्तलिखिते अनेकांकडे आहेत. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, नसतो; त्याचा फॉन्ट संगणकावर नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइलींचा बॅकअप नेमाने होतो, पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहतात आणि ते फोल्डर कोणी घेत नाही. म्हणून ते फॉन्ट कागदपत्रांशेजारी उतरवून ठेवावेत आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसवला जातो. युनिकोडमध्ये रूपांतर हा खरा उपाय आहे, परंतु त्यात जोडाक्षरांची मोडतोड होते आणि वाचून दुरुस्त करणारा माणूस बसवावा लागतो.

घराबाहेरची प्रत

बॅकअपची डिस्क सतत संगणकाला जोडलेली असेल तर खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबर तीही कुलूपबंद करतो, आणि चोर संगणक नेताना ती मागे ठेवत नाही. पाण्याचे तर पुणेकरांना वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा आमच्या पेठेतील वाड्यांतून कागदपत्रांचा लगदा बाहेर काढावा लागला होता, हे मी थोरांकडून ऐकत आलो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने एकतानगरीत तळमजल्यांची जी अवस्था केली, ती अलीकडची आहे.

म्हणून माझ्याकडे दोन डिस्का आहेत. एक घरी असते, दुसरी कोथरूडला ताईच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात, तिच्या कपाटात. महिन्यातून एकदा तिच्याकडे जाताना घरची डिस्क नेतो आणि तिथली घेऊन येतो. आणलेल्या डिस्कवर त्याच रात्री बॅकअप घेतो. घरची डिस्कही बॅकअपच्या वेळीच जोडतो आणि नंतर काढून ठेवतो. त्यामुळे हे सारे पूर्णपणे आपोआप होत नाही, हे खरे. तेवढा हाताचा भाग मी जाणीवपूर्वक ठेवला आहे, कारण डिस्क हातात घेतली की ती उघडून पाहणेही होते. ज्यांना आठवण राहत नाही त्यांनी कालनिर्णयावर खूण करावी. मी त्यावर बॅकअप घेतल्याची नव्हे, तर साक्षीदार सापडल्याची तारीख लिहितो.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कवर सभासदांचे पॅन क्रमांक, बँक खाती आणि कौटुंबिक कागद असतात, म्हणून ती कुलूपबंद असावी. विंडोजची ‘होम’ आवृत्ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाच्या सोयीने, कुलूपबंद केलेली बाहेरची डिस्क उघडू शकते, परंतु नवी डिस्क त्या पद्धतीने कुलूपबंद करू शकत नाही. तेव्हा ‘व्हेराक्रिप्ट’ हा मोफत प्रोग्राम वापरावा. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवावा आणि तो कुठे आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे. नव्या लॅपटॉपची आतली डिस्कही पुष्कळदा आपल्या नकळत कुलूपबंद झालेली असते. तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. ती छापून घ्यावी, नाहीतर मदरबोर्ड बिघडल्यावर डिस्क धडधाकट असूनही उघडणार नाही.

परत आणून पाहणे

दर तीन महिन्यांनी एकदा बॅकअपमधून काहीतरी खरोखर परत आणावे, आणि शक्यतो दुसऱ्या संगणकावर. परत आणताना मूळ फाइलींवर काही उतरवू नये. ‘तपासणी’ असा नवा फोल्डर करून त्यात आणावे. मी गेल्या तिमाहीचा हिशेब आणतो, एक्सेलमध्ये उघडतो आणि अखेरची शिल्लक बँकेच्या पासबुकाशी ताडतो. सोबत एक जुने पत्र उघडतो, म्हणजे फॉन्ट आले की नाही ते कळते, आणि फोटोंच्या फोल्डरमधून मधलेच पाच-सहा फोटो मोठे करून पाहतो. बिघडलेल्या फोटोचे छोटे चित्र पुष्कळदा नीट दिसते आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो. मूळ फोल्डर आणि परत आणलेला फोल्डर यांच्या गुणधर्मांत फाइलींची संख्या पाहावी. ती जुळली नाही तर फरक शोधूनच उठावे.

या तपासणीत किंवा सोमवारच्या पाहणीत डिस्क संशयास्पद ठरली, तर नवी आणून तिच्यावर पहिला बॅकअप पूर्ण घ्यावा, त्यातून एकदा फाइली परत आणून पाहाव्यात, आणि तोवर जुनी डिस्क पुसू नये की कुणाला देऊन टाकू नये. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून शेवटच्या खात्रीच्या बॅकअपची तारीख लिहावी आणि वर्षभर ती कपाटात ठेवावी. माझ्या त्या जुन्या डिस्कवर १८ फेब्रुवारीची पट्टी अजून आहे.